वजा बहात्तर पॉइंट चार

मी वजनकाटा बोलतोय. जमिनीवर ठेवतात आणि वर उभं राहतात तो. चौकोनी, काचेचा. भाजीवाल्याकडचा नव्हे, आणि सोनाराकडचा तर नव्हेच. त्यांना लोक डोळ्यांसमोर ठेवतात. मला पायाखाली घेतात.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मला एकच काम येतं. माझ्यावर जे काही असेल, त्या सगळ्याचा मिळून एक आकडा मी सांगतो. कोण उभं आहे, किती जण आहेत, कोण कुणाला कडेवर घेऊन आलंय, यातलं मला काही कळत नाही. राजा उभा राहिला काय आणि सिमेंटचं पोतं ठेवलं काय, मला दोन्ही सारखेच. हे आधी सांगतोय, कारण आमच्या घरात जे झालं त्यात माझ्यावर नको तो ठपका आला. तो खरा होता की खोटा, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

माझा जन्म एका लांबच लांब टेबलावर झाला. एका बाईने माझे चार पाय बसवले, पोटात सेल घातले आणि अंगावर वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलं. मी म्हटलं, "वीस." तिने माझ्या पाठीवर हिरवी चिकटपट्टी मारली आणि पुढच्या काट्याकडे वळली. ती माझी पहिली परीक्षा, आणि पैकीच्या पैकी मार्क मिळालेली शेवटची. त्यानंतर मला कुणी शाबासकी दिली नाही. आकडा आवडला तर माणूस स्वतःची पाठ थोपटतो, आणि नाही आवडला तर काटा खराब असतो.

मला दुकानातून आणलं ते या घरच्या मुलीने. तिचं लग्न तीन महिन्यांवर आलं होतं. रोज सकाळी ती माझ्यावर यायची. आधी घड्याळ काढायची, मग कानातलं, मग केसांची पिन. मग सगळा श्वास सोडून पोट आत घेऊन उभी राहायची. श्वासाला वजन असतं असं तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे! कधी एक पाय उचलून बघायची. मी बापडा तोच आकडा सांगायचो. लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली आणि मला इथेच ठेवून गेली. मला वाटलं, विसरली. नंतर कळलं, मुद्दाम ठेवून गेली.

मग माझी रवानगी बाथरूमबाहेरच्या बोळात, कपाटाखाली झाली. वर्षातून एखाद्या वेळी कुणी प्रवासाची बॅग माझ्यावर ठेवी. मध्यंतरी एक वर्षभर कपडे वाळत घालायच्या स्टँडचा लंगडा पाय माझ्या डोक्यावर होता. त्या वर्षाबद्दल मी फार बोलत नाही.

घरात राहिले तिघे. एक सर. गणिताचे मास्तर, आता निवृत्त, पण सगळी आळी त्यांना सरच म्हणते. दुसरी आई. मुलीच्या तोंडून ऐकून ऐकून मीही त्यांना आईच म्हणतो. त्या ग्रंथालयात नोकरीला, सकाळी नवाला जातात आणि सहाला येतात. तिसरा पाहुणा. पाहुणा म्हणजे बोका. नऊ वर्षांपूर्वी गॅलरीत येऊन बसला, तेव्हा सर म्हणाले होते, "पाहुणा आहे, दोन दिवस राहील आणि जाईल." तो काही गेला नाही. लांब केसांचा, राखाडी, आणि चालताना माझ्याकडे ढुंकूनही न बघणारा.

एके दिवशी या पाहुण्याचं तंत्र बिघडलं. तो पाणी प्यायला लागला. आधी वाटीतलं, मग बादलीतलं, मग बेसिनमध्ये चढून नळाचं. त्याचा वाळूचा ट्रे बाथरूममध्ये असतो, त्यातले ओले गोळे मोठे मोठे होत गेले. खाणं दुप्पट, अंग निम्मं. केस इतके दाट, की आतला बोका किती उरलाय ते दिसत नव्हतं. जनावरांच्या डॉक्टर बाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, याला साखरेचा आजार आहे.

मी कपाटाखालून ऐकलं आणि माझा पहिला गोंधळ तिथेच झाला. या बोक्याने जन्मात कधी साखरेच्या डब्याला तोंड लावलं नव्हतं!

डॉक्टर बाईंनी एक कागद लिहून दिला, तो फ्रिजवर लागला. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. आधी खायला द्यायचं, मग कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, यंत्रात साखर बघायची, मग मानेच्या मागची कातडी चिमटीत धरून इन्सुलिनची सुई. खाली प्रश्न होते, रोज विचारायचे: पाणी किती पितो? लघवी किती वेळा? भूक कशी आहे? सुस्त वाटतो का? जखम झाली तर भरते का? आणि दर रविवारी वजन.

हे सगळं सरांनी अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी सुई कातडीच्या घडीतून आरपार गेली आणि औषध केसांवर सांडलं. बोका निवांत बसला होता. सरच घामाघूम होऊन बोळात येऊन उभे राहिले. "तीस वर्षं फळ्यावर हाताने वर्तुळ काढलं," ते आईंना म्हणाले, "आणि दोन थेंब जागेवर जात नाहीत." आठवड्याभरात हात बसला. मग तर सर असे तयार झाले, की बोक्याला कळायच्या आत काम फत्ते.

वजनाचं मात्र अडलं. पाहुणा माझ्यावर उभा राहीना. पुढचे दोन पाय ठेवायचा, मला हुंगायचा आणि निघून जायचा. शेवटी सरांनी त्याला कडेवर घेतलं आणि स्वतः चढले.

"दोघांचं मिळून येईल ते येईल," सर म्हणाले. "त्यातून माझं वजा करायचं. सोपं आहे."

त्या पहिल्या रविवारी ते आधी एकटे उभे राहिले. मी म्हटलं, बहात्तर पॉइंट चार. मग बोक्यासकट. मी म्हटलं, शहात्तर पॉइंट आठ. सरांनी वही उघडली आणि लिहिलं, पाहुणा चार पॉइंट चार. वहीच्या डोक्यावर त्यांनी बहात्तर पॉइंट चार लिहून भोवती चौकट काढली.

आईंनी विचारलं, "दर वेळी तुमचंही बघायला नको का?"

"माझं काय बघायचं? कॉलेज सोडल्यापासून मी बहात्तर आहे. लग्नातला कोट अजून अंगात जातो. मी स्थिर संख्या आहे, मी काय बदलतोय!"

आई हसल्या. मीही मनात म्हटलं, गणिताचे मास्तर सांगतायत म्हणजे बरोबरच असणार. मला वजाबाकी येत नाही.

मी माणसांना पायांवरून ओळखतो. सरांची पावलं लांब, उजव्या अंगठ्याचं नख वाकडं. त्या दिवसांत डाव्या टाचेवर एक चिकटपट्टी होती, नवा बूट चावला होता. पुढच्या रविवारी पट्टी होती. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, सरांना पट्टी आवडली असावी. सर दिवसातून कितीदा तरी बाथरूममध्ये जायचे. मला वाटलं, ट्रे तपासायला जातात, किती हा जिव्हाळा! बोक्याच्या वाटीत मोजून पाणी ओतायचे आणि बेसिनपाशी उभे राहून स्वतः दोन पेले घटाघटा प्यायचे. मला वाटलं, संगतीचा परिणाम. असं मला काहीबाही वाटत राहिलं, आणि दर वेळी ते चुकीचंच होतं.

आकडे उतरत गेले. शहात्तर पॉइंट सहा. शहात्तर पॉइंट चार. एका रविवारी शहात्तर पॉइंट पाच झाले तेव्हा सरांनी बोक्याच्या डोक्याचा मुका घेतला, आणि पुढच्याच रविवारी पुन्हा खाली. फोन मोठ्या आवाजावर ठेवून ते डॉक्टर बाईंशी बोलत.

"साखर किती येतेय, सर?"

"साखर चांगली आहे हो. तुम्ही सांगितली त्याच्या आतच आहे. पाणीही कमी झालंय. पण वजन उतरतंय."

"असं कसं? साखर ताब्यात असेल तर वजन चढायला हवं. काही जुळत नाहीये. एकदा इकडे आणता का?"

मागच्या वेळी पिंजऱ्यात घालून नेलं, तेव्हा पाहुणा वाटभर तोंड उघडं टाकून धापा टाकत होता, आणि दवाखान्यात त्याची साखर भीतीनेच दुप्पट झाली होती. तेव्हापासूनच बाईंनी घरी मोजा आणि फोन करा असं ठरवलं होतं. "अजून एक आठवडा बघतो," सर म्हणत. असे आठवडे गेले.

एकदा आई बोक्याला उचलून म्हणाल्या, "अहो, मला तर तो जड लागतोय."

"केस आहेत ते. तुझ्या हाताला दशांश कळतात का?"

"दशांश नाही कळत. पण नऊ वर्षं उचलतेय त्याला."

"आकडा खोटं बोलत नाही," सर म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं. मला त्या वेळी अभिमान वाटला. आता आठवलं की चोरट्यासारखं वाटतं.

त्याच दिवशी त्यांनी वहीत एक ओळ लिहिली आणि आईंना वाचून दाखवली. साडेतीनच्या खाली गेला तर थांबायचं. रोज कान टोचायचा, रोज सुया मारायच्या, आणि तरी जीव झिजतच असेल तर ते त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. डॉक्टर बाईंना सांगून त्याला शांतपणे जाऊ द्यायचं. "आत्ताच लिहून ठेवतो," सर म्हणाले. "नंतर माझा धीर होणार नाही." आईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. त्यांनी वही मिटून कपाटावर ठेवली. म्हणजे त्या दिवसापासून त्या बोक्याचा जीव माझ्या तोंडी होता, आणि मला तोंड उघडण्यापलीकडे काही येत नव्हतं.

अकराव्या रविवारी सकाळी सर बोक्याला घेऊन चढले. मी म्हटलं, पंच्याहत्तर पॉइंट आठ.

सर उतरले. पुन्हा चढले. तोच आकडा. त्यांनी बोक्याला खाली सोडलं आणि माझ्याशेजारी फरशीवरच बसले, भिंतीला टेकून.

"तीन पॉइंट चार," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून आल्या. पाहुणा सरांच्या मांडीवर चढून बसला आणि पंजांनी त्यांचा स्वेटर कणकेसारखा मळायला लागला. सर रडले. मास्तर माणूस, वर्गात कधी आवाज चढवला नसेल, तो लहान मुलासारखा नाक ओढत रडला. मला इतकं वाईट वाटलं की तो आकडा परत घ्यावासा वाटला, पण आम्हाला ती सोय नाही.

फोन झाला. डॉक्टर बाई म्हणाल्या, "दवाखान्यात आणू नका. मी चार वाजता घरी येते. आधी नीट बघते, मग तुम्ही म्हणाल तसं."

चार वाजेपर्यंतचा तो दिवस विचित्र होता. सरांनी चिकन उकडून न मोजता वाटीत घातलं. आई खिडकीतल्या कुंड्या पुसत होत्या, त्याच त्याच. तीन वाजता त्यांनी पाहुण्याला उचललं, बोळात फेऱ्या मारल्या आणि एकदम माझ्यासमोर थांबल्या.

"तुम्ही तिकडे तोंड करा."

"का?" सर म्हणाले.

"माझं वजन तुम्ही बघायचं नाही."

"अगं, आज तरी..."

"आज तरी काय? तिकडे बघा म्हटलं ना."

सरांनी भिंतीकडे तोंड केलं. आईंनी बोक्याला खाली ठेवलं आणि एकट्या चढल्या. एकसष्ट पॉइंट तीन. मग बोक्याला घेऊन चढल्या. सहासष्ट पॉइंट चार. त्या बोटांवर मोजत राहिल्या.

"अहो, पाच पॉइंट एक येतंय."

"वजाबाकी चुकली तुझी."

सर वळले, आणि आईंचं गुपित राखायचं राहूनच गेलं, दोन्ही आकडे कागदावर मांडले गेले. पाच पॉइंट एक. पुन्हा मांडले. पाच पॉइंट एक.

"काटा बिघडलाय!" सर ओरडले.

आणि मग माझे जे हाल झाले! मला उलटं केलं, हलवलं, पाठीवर चापट्या मारल्या, सेल काढून नवे घातले. "अकरा आठवडे हे डबडं आम्हाला फसवत होतं, आणि आम्ही याच्या शब्दावर पाहुण्याला मारायला निघालो होतो!" मीही घाबरलो. खरंच बिघडलो की काय? आपण बिघडलोय हे ज्याला बिघाड झाला त्याला कळतं का? आईंनी बाथरूममधून मांजराच्या वाळूचं न फोडलेलं पोतं ओढत आणलं. दहा किलो, छापलेलं. माझ्यावर ठेवलं. मी जीव मुठीत धरून म्हटलं, दहा.

पोतं दहा. आईंकडे बोका पाच पॉइंट एक. सरांकडे तोच बोका तीन पॉइंट चार. सर डोकं धरून येरझाऱ्या घालायला लागले. "असं होऊच शकत नाही. एकाच वस्तूची दोन वजनं कशी असतील?"

आई त्यांच्याकडे बघत होत्या. चेहऱ्याकडे नाही, कमरेकडे. स्वेटरखाली पट्ट्याचं टोक बरंच लांब बाहेर आलेलं होतं.

"तुम्ही एकटे उभे राहा," त्या म्हणाल्या.

"माझं बहात्तर पॉइंट चार आहे."

"उभे राहा."

सर उभे राहिले. मी म्हटलं, सत्तर पॉइंट सात.

ते उतरले, चढले, उतरले, चढले. मी काय करणार, सत्तर पॉइंट सात. पावणेदोन किलो म्हणजे माणसात काही नाही, कोट सैल झाल्याचंही कळत नाही. बोक्यातून तेवढं वजा केलं तर बोकाच उरत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच असावं.

आईंनी जाऊन फ्रिजवरचा कागद काढून आणला. त्यांचा आवाज ग्रंथालयातल्यासारखा हळू होता.

"पाणी किती पिता?"

"अगं, उकडतंय..."

"स्वेटर घालून उकडतंय? लघवीला किती वेळा जाता?"

सरांनी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं.

"सुस्त वाटतं का? दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलेले असता, विचारतेय मी. आणि टाचेचं ते? जखम भरली?"

"अगं, मी काय मांजर आहे?"

आईंनी पाहुण्याचं साखर मोजायचं यंत्र आणलं, नवी सुई लावली आणि सरांचं बोट हातात घेतलं. अकरा आठवडे दिवसातून दोनदा बोक्याचा कान टोचणारे सर टोचताना डोळे मिटून बसले. यंत्राने जो आकडा दाखवला तो मला दिसला नाही. सर मात्र हळूच म्हणाले, "पाहुण्याचा पहिल्या दिवशी एवढाच होता."

चार वाजता डॉक्टर बाई आल्या. त्यांनी पाहुण्याला पुढून मागून दाबून पाहिलं, दात बघितले, आपल्या छोट्या काट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "हा छान आहे. वजन धरलंय त्याने." मग यंत्रातला सरांचा आकडा त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, "हे यंत्र जनावरांचं आहे, माणसाचा आकडा त्यावर धरायचा नसतो. पण सर, उद्या सकाळी उपाशीपोटी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. टाच दाखवायची. एक आठवडा बघतो, असं म्हणायचं नाही."

पुढचं मी आईंच्या फोनवरून ऐकलं, मुलीला सांगत होत्या. माणसांच्या डॉक्टरने तपासलं, तोच आजार निघाला, टाचेची जखम वेळेत सापडली, अजून महिनाभर गेला असता तर पायावर बेतलं असतं. डॉक्टरने विचारलं, आधीच्या वजनाची काही नोंद आहे का? सरांनी पिशवीतून वही काढून पुढे केली. डॉक्टरने पान उलटलं आणि म्हणाला, "अहो, ही तर मांजराची आहे." सर म्हणाले, "आम्हा दोघांची आहे. कुणाचं किती, ते तेवढं लिहायचं राहिलं."

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मी अकरा रविवार खरं बोललो आणि त्या खऱ्यापायी एक ठणठणीत बोका मरणार होता. पहिल्यापासून आईच बोक्याला घेऊन उभ्या राहिल्या असत्या तर बोक्याची काळजी मिटली असती, पण मग सरांना माझ्यावर एकटं उभं कुणी केलं असतं? चूक झाली म्हणून ते वाचले. हे मी रात्रंदिवस घोळवतो आणि माझ्या चार पायांना घाम फुटतो. मोजणाऱ्याने एवढा विचार करू नये बहुधा.

सध्या मी कपाटाखाली नाही, बोळाच्या मधोमध आहे. माझा एक कोपरा त्या दिवशीच्या आपटाआपटीत तडकला, पण आकडा शाबूत आहे. सकाळी सात वाजता आधी बोक्याची सुई, मग सरांच्या गोळ्या, असा घराचा क्रम झालाय. बोक्याचं वजन आता आई करतात. वहीत तीन रकाने आहेत, आईंच्या रकान्यावर कागद चिकटवलेला असतो.

माझी एवढीच विनंती आहे. तुमच्याही घरात कुणी आजारी असेल, त्याच्यासाठी तुम्ही पाणी मोजत असाल, पथ्य बघत असाल, तर माझ्यावर एकदा एकटे या. घड्याळ काढू नका, श्वास सोडू नका. नुसते उभे राहा. तुम्हाला धरून जो आकडा मी सांगतो, त्यात तुम्हीही असता.

रविवारी सर आधी एकटे येतात. हल्ली एकाहत्तर पॉइंट दोन. ते लिहून होतं, आई पाहुण्याला तोलून खाली सोडतात, वही मिटते, काम संपतं. मग आई आत गेल्या की सर बोक्याला उचलतात आणि पुन्हा माझ्यावर येऊन उभे राहतात. बोका त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकतो. मी दोघांचा मिळून आकडा सांगतो. सर तो बघतात, आणि बराच वेळ उतरत नाहीत.